फाउंडरला सीईओपद दुसऱ्याकडे द्यायचं असेल तर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

कंपनी तुम्ही काढली, पहिला ग्राहक तुम्ही आणला, सुरुवातीचे पगार स्वतःच्या खात्यातून दिले, आणि आता अधूनमधून असं वाटायला लागलंय की हे सीईओचं काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवं. किंवा तुम्हाला वाटलं नाहीये पण बोर्डातल्या (म्हणजे संचालक मंडळातल्या) कोणीतरी हळूच विषय काढलाय. दोन्हीपैकी काहीही असो, हा लेख तुमच्यासाठी आहे. मी हे एकदा केलंय, त्यातलं बरंच चुकलं, मग ते निस्तरावं लागलं, आणि जास्तीत जास्त त्रास कशाने झाला असेल तर गोष्टी चुकीच्या क्रमाने केल्यामुळे, म्हणून इथे कशाच्या आधी काय करायचं ते क्रमाने सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. सीईओपद म्हणजे केबिन नाही, पगार नाही, सहीखालचं नाव पण नाही. कंपनीत दोन माणसांचं जमेना की शेवटचा शब्द कोणाचा, तो माणूस सीईओ. हँडओव्हर म्हणजे तो शेवटचा शब्द तुमच्याकडून दुसऱ्याकडे जाणं आणि तो गेलाय हे कंपनीतल्या सगळ्यांना दिसणं. बाकी सगळं ह्याच्यासाठी चाललेलं असतं.

आणि हे आपल्याच वाट्याला आलंय असं समजू नका. नोम वासरमन नावाच्या संशोधकाने अमेरिकेतल्या २१२ स्टार्टअपचा अभ्यास २००८ मध्ये मांडला, त्यात कंपनी तीन वर्षांची होईपर्यंत निम्मे फाउंडर सीईओ राहिलेले नव्हते आणि ज्यांनी पद सोडलं त्यांच्यातल्या पाचातल्या चार जणांना ते सोडायला लावलं गेलं होतं. म्हणजे स्वतःहून, वेळेवर, नीट देणारे थोडेच. तुम्ही त्या थोड्यांमध्ये असावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पायरी १: कारण स्वतःशी नीट लावून घ्या

थकलोय आणि काम जमत नाहीये ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण आतून दोन्ही अगदी सारख्याच वाटतात. म्हणून आधी चार ते सहा आठवडे सुट्टी घ्या. खरी सुट्टी, लॅपटॉप बंद, आणि त्या काळात एका माणसाला सगळ्यांना सांगून हंगामी प्रमुख नेमा. परत यायच्या दिवशी पोटात गोळा येतो की हात शिवशिवतात ते बघा, त्यातून बरंच कळतं. शिवाय तुम्ही नसताना काय काय अडलं त्याची यादी आयती हातात पडते, ती पुढे लागणार आहे, जपून ठेवा.

दुसरं म्हणजे मागच्या महिन्याचं कॅलेंडर उघडा. दहा जणांच्या कंपनीत सीईओ म्हणजे सगळ्यांशी रोज बोलणारा, अर्धा वेळ प्रॉडक्टमध्ये असणारा माणूस. दीडशे जणांच्या कंपनीत तोच माणूस मॅनेजर शोधतो, बजेट बसवतो, बोर्डाला उत्तरं देतो, कोणाला काढायचं ते ठरवतो, आणि प्रॉडक्टपर्यंत त्याचा हात पोचतच नाही. पुढची दोन वर्षं तुमचा दिवस असाच जाणार असेल तर तो तुम्हाला हवाय का, एवढाच प्रश्न आहे. नको असेल तर त्यात कमीपणा काही नाही, काम बदललंय, तुम्ही नाही.

को-फाउंडरशी पटत नाही म्हणून सीईओ बदलायचा विचार असेल तर मात्र थांबा. तिसरा माणूस आणून दोघांचं भांडण मिटत नाही, येणारा दोघांमध्ये चेपला जातो आणि वर्षभरात निघून जातो. आधी ते भांडण मिटवा, नाहीतर दोघांपैकी एकाने बाजूला व्हा.

आणि विषय बोर्डाने काढला असेल तर त्याच मीटिंगमध्ये हो किंवा नाही काहीच बोलू नका. त्यांना तीन गोष्टी लेखी विचारा: नेमकं काय बिघडलंय असं त्यांना वाटतं, किती दिवसांत बदल हवाय, आणि तुमच्यासाठी पुढे त्यांच्या डोक्यात कुठलं काम आहे. मग पुढच्या पायरीकडे या.

पायरी २: कागद वाचा, आणि स्वतःच्या वकिलाबरोबर वाचा

कंपनीचा वकील कंपनीचं हित बघतो, तुमचं नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी. ह्या कामापुरता स्वतःच्या पैशाने वेगळा वकील करा. शेअरहोल्डर अ‍ॅग्रीमेंट, कंपनीची नियमावली आणि तुमचा स्वतःचा नोकरीचा करार, हे तिन्ही समोर ठेवा आणि एवढं शोधा: तुमच्या शेअर्सचं व्हेस्टिंग, म्हणजे ते टप्प्याटप्प्याने तुमच्या हक्काचे होत जाणं, पद सोडल्यावर चालू राहतं की थांबतं. स्वतःहून सोडलं आणि काढलं गेलं ह्यात कराराच्या भाषेत काय फरक धरलाय, कारण बऱ्याच करारांमध्ये 'चांगल्या पद्धतीने गेलेला' आणि 'वाईट पद्धतीने गेलेला' अशा दोन व्याख्या असतात आणि त्यावर शेअर्स कुठल्या भावाने परत घेतले जाणार ते ठरतं. बोर्डातली तुमची जागा फाउंडर म्हणून आहे की सीईओ म्हणून, हे तर नक्की बघा, सीईओ म्हणून असेल तर पदाबरोबर ती पण जाते आणि ते बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. तुम्ही प्रमुखपदावर नसाल तर काही अटी लागू होतील असं एखाद्या इन्व्हेस्टरच्या किंवा मोठ्या ग्राहकाच्या करारात आहे का तेही बघून घ्या.

आणि कर्जासाठी दिलेली वैयक्तिक हमी. कंपनीसाठी कधीकाळी तुम्ही स्वतःच्या नावावर हमी दिली असेल तर पद सोडलं म्हणून ती आपोआप सुटत नाही. निर्णय दुसऱ्याचे आणि जोखीम तुमच्या डोक्यावर, असं होतं. हमी काढून घ्यायची बोलणी आत्ताच सुरू करा, बँकांना वेळ लागतो.

पायरी ३: तुम्ही पुढे कुठे बसणार ते आधी ठरवा, नवा माणूस शोधायच्या आधी

मायक्रोसॉफ्टच्या बिल गेट्सनी जानेवारी २००० मध्ये सीईओपद स्टीव्ह बामरकडे दिलं आणि स्वतः चेअरमन राहून मुख्य सॉफ्टवेअर आर्किटेक्ट झाले. अ‍ॅमेझॉनचे जेफ बेझोस २०२१ मध्ये एक्झिक्युटिव्ह चेअरमन, म्हणजे कंपनीच्या कामातही भाग घेणारे बोर्डाचे अध्यक्ष, झाले. नेटफ्लिक्सचे रीड हेस्टिंग्ज २०२० ला टेड सरांडोसबरोबर जोडीने सीईओ झाले आणि २०२३ च्या जानेवारीत बाजूला होऊन एक्झिक्युटिव्ह चेअरमन झाले. म्हणजे वाटा बऱ्याच आहेत: बोर्डावर जाणं, एखादा विभाग सांभाळणं, नुसतं सल्लागार राहणं, किंवा सगळंच सोडून जाणं.

ह्यातली एक जोडी मात्र मला फार धोक्याची वाटते, आणि नेमकी तीच सगळ्यांना आवडते: बोर्डाचं चेअरमनपद पण ठेवायचं आणि कंपनीत एक विभाग पण चालवायचा. मग सोमवारी तुम्ही नव्या सीईओच्या हाताखाली, आणि तिमाहीच्या शेवटी त्याचं मूल्यमापन करणारे पण तुम्हीच. अ‍ॅपलमध्ये हेच झालं होतं. जॉन स्कलीला पेप्सीतून १९८३ मध्ये स्वतः स्टीव्ह जॉब्सनीच आग्रह करून आणलं, जॉब्स बोर्डाचे चेअरमन होते आणि त्याच वेळी मॅकिंटॉश विभागाचे प्रमुख म्हणून स्कलींच्या हाताखाली. कोण कोणाचा वरिष्ठ ह्याचं एक उत्तर राहिलंच नाही, १९८५ मध्ये वाद बोर्डापर्यंत गेला, बोर्डाने स्कलींची बाजू घेतली आणि त्याच वर्षी जॉब्स बाहेर पडले. तुमचा स्वभाव कितीही समजूतदार असो, अशी मांडणी टाळा. विभाग हवा असेल तर चेअरमन दुसऱ्याला होऊ द्या.

दोघांनी मिळून सीईओ व्हायचं, हा पर्याय माझं मत विचाराल तर नव्या छोट्या कंपनीसाठी नको. नेटफ्लिक्सला जमलं कारण दोघं एकमेकांबरोबर वीसेक वर्षं काम केलेले होते.

पायरी ४: कोणाला कधी सांगायचं

आधी को-फाउंडर. मग ज्याचा शब्द बोर्डात चालतो तो मुख्य इन्व्हेस्टर, एकट्याला, फोनवर किंवा समोरासमोर. मग बाकीचे बोर्डमेंबर एकेक करून. बोर्डाच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा हा विषय कोणाच्याही कानावर पडता कामा नये, मी तसं केलं होतं, मला वाटलं सगळ्यांना एकदमच सांगणं प्रामाणिकपणाचं, आणि पुढचे दोन महिने दोन इन्व्हेस्टर मला हेच विचारत होते की अजून काय लपवलंयस. लपवलं काहीच नव्हतं.

वेळेबद्दल सांगायचं तर पैसे उभे करण्याच्या मध्यात हे काढू नका. इन्व्हेस्टर माणूस बघून पैसे लावतो, अर्ध्यात माणूस बदलतोय म्हटल्यावर तो थांबतो किंवा व्हॅल्युएशन, म्हणजे कंपनीची ठरवलेली किंमत, पाडतो. आणि हे लपवून पैसे घ्यायचे आणि मग सांगायचं, ते तर करूच नका. बँकेत निदान वर्षभराचा रनवे, म्हणजे वर्षभर कंपनी चालेल एवढे पैसे, असताना सुरू करा, कारण शोध, नेमणूक आणि रुळणं मिळून वर्ष सहज जातं. नव्या माणसाला आल्या दिवसापासून पैशांमागे पळायला लावलं तर तो कंपनी समजून घेणार कधी?

पायरी ५: आतला की बाहेरचा

आतला माणूस असेल आणि थोडा कच्चा असेल तरी माझा कल त्याच्याकडे. अँडी जॅसी अ‍ॅमेझॉनमध्ये १९९७ पासून होते, सीईओ झाले २०२१ ला. टिम कुक यांनी जॉब्सच्या आजारपणात २००४, २००९ आणि २०११ ला कंपनी चालवून दाखवली होती, त्यामुळे ऑगस्ट २०११ मध्ये पद बदललं तेव्हा आतल्या लोकांसाठी ते नवीन नव्हतं. म्हणून पायरी १ मधली ती चार ते सहा आठवड्यांची सुट्टी परत आठवा, ती तुमच्यापेक्षाही हंगामी प्रमुखाची परीक्षा असते, फक्त त्याला आधी सांगून घ्या.

पण आतला म्हणजे हमखास चांगलं असंही नाही. मायकेल डेल यांनी २००४ मध्ये अनेक वर्षं बरोबर असलेल्या केव्हिन रोलिन्सकडे पद दिलं आणि २००७ च्या जानेवारीत परत स्वतः बसले. उलट बाजूला गूगलने २००१ मध्ये बाहेरून एरिक श्मिटना आणलं आणि ते दहा वर्षं टिकलं, २०११ ला फाउंडर लॅरी पेज परत सीईओ झाले तेही भांडण न होता. त्यामुळे आतला-बाहेरचा ह्याच्या आधी एक पानभर लिहा: पुढच्या दीड-दोन वर्षांत कंपनीपुढची तीन अवघड कामं कुठली. विक्रीची टीम उभी करायची असेल तर विक्री उभी केलेला माणूस पाहिजे. खर्च आवरायचा असेल तर ते करून दाखवलेला. 'दूरदृष्टीचा नेता पाहिजे' असं त्या पानावर आलं असेल तर पान फाडून परत लिहा, त्याने कोणीच निवडता येत नाही.

बाहेरून शोधायचा तर सर्च फर्म, म्हणजे वरच्या पदांसाठी माणसं शोधून देणारी कंपनी, लागते. त्यांची फी साधारणपणे निवडलेल्या माणसाच्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या एक तृतीयांश असते, हप्त्यांनी द्यायची असते, आणि बऱ्याचदा माणूस मिळो न मिळो काही हप्ते द्यावेच लागतात, म्हणून करार वाचून सही करा. नव्या सीईओला शेअर्स द्यायला ईसॉप पूल (कर्मचाऱ्यांना द्यायला राखून ठेवलेले शेअर्स) वाढवावा लागेल आणि त्याने सगळ्यांचा, तुमचाही, हिस्सा थोडा कमी होईल, तो हिशोब बोर्डाशी आत्ताच करून ठेवा, उमेदवार पसंत पडल्यावर ह्यावर घासाघीस सुरू झाली तर चांगला माणूस हातचा जातो.

इंटरव्ह्यू तर सगळेच घेतात. मला उपयोग झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. शेवटच्या दोन उमेदवारांकडून गोपनीयतेचा करार करून घेतला, आमचे खरे आकडे दिले आणि अर्धा दिवस बसून कंपनीतल्या एका खऱ्या अडचणीवर काम केलं, टीममधले दोघं बरोबर. एकाने चार तासांत अठरा उत्तरं दिली. दुसऱ्या बाईंनी पहिला दीड तास नुसते प्रश्न विचारले आणि मग माझ्या एका आवडत्या प्रॉडक्टबद्दल शांतपणे म्हणाल्या की हे बंद करायला हवं. मला फार लागलं ते, पण आकडे त्यांच्याच बाजूने होते. त्याच आज सीईओ आहेत. रेफरन्स घेताना उमेदवाराने दिलेल्या नावांपलीकडे जा, ज्यांनी त्याच्या हाताखाली काम करून नोकरी सोडली अशा दोघांशी तरी बोला.

आतला एखादा उमेदवार इच्छुक होता आणि त्याला मिळालं नाही, तर निर्णय झाल्या दिवशी तुम्ही स्वतः त्याला सांगा. तो कंपनी सोडायची शक्यता असतेच, पण दुसऱ्याकडून कळलं तर तो जातोच.

पायरी ६: निर्णयांची यादी

लोक नेमकी ही पायरी गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच.

मागच्या तीन महिन्यांचे मेल, चॅट, मीटिंगच्या नोंदी आणि सुट्टीत काय अडलं ती पायरी १ मधली यादी काढा आणि तुम्ही घेतलेला प्रत्येक निर्णय एका ओळीत लिहा. लहान-मोठा बघू नका. माझ्या यादीत १४० च्या वर ओळी झाल्या. कुठल्या ग्राहकाला किती सूट, कोणाची पगारवाढ, सर्व्हरचा खर्च, वेबसाइटवरचं एक वाक्य, कोणी रजा कधी घ्यायची. निम्म्या गोष्टी माझ्याकडे यायचं काहीच कारण नव्हतं, त्या नुसत्या सवयीने येत होत्या. मला वाटायचं मी तीन-चार मोठे निर्णय घेतो आणि बाकी टीम चालवते. यादीने दाखवलं की तसं कधीच नव्हतं.

मग तीन रकाने करा. पहिला, नवा सीईओ एकट्याने ठरवणार. दुसरा, सीईओ बोर्डाला विचारून ठरवणार, म्हणजे वर्षाचं बजेट, मोठं कर्ज, कंपनी विकत घेणं, वरच्या फळीतल्या माणसांचे शेअर्स वगैरे. तिसरा, ज्यात तुमचं मत घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. हा तिसरा रकाना जितका छोटा तितका हँडओव्हर खरा. माझ्या पहिल्या मसुद्यात तिसऱ्या रकान्यात एकतीस ओळी होत्या. आमच्या बोर्डातल्या एका अनुभवी बाईंनी तो कागद बघून एवढंच विचारलं, मग सीईओ नक्की कोण होणार आहे? रात्रभर बसून मी त्या चारवर आणल्या.

हा कागद नव्या सीईओच्या ऑफर लेटरबरोबर द्या, नंतर नाही. त्याला आधीच कळू दे तो काय घेतोय. आणि वाटणी वेगळी असेल, म्हणजे तुमच्याकडे खरंच बरंच काही राहणार असेल, तर तेही उघड लिहा. गूगलच्या फाउंडरनी २००४ च्या आयपीओच्या वेळी गुंतवणूकदारांना लिहिलेल्या पत्रात सरळ सांगितलं होतं की कंपनी आम्ही तिघं मिळून चालवतो: सीईओची कायदेशीर जबाबदारी, व्हाइस प्रेसिडेंट मंडळी आणि विक्री एरिककडे, इंजिनिअरिंग आणि व्यवहार दुसरे फाउंडर सर्गे ब्रिन यांच्याकडे, इंजिनिअरिंग आणि प्रॉडक्ट लॅरीकडे. सगळ्यांना ती मांडणी आवडली असेल असं नाही, पण कोणाकडे काय हे जगाला माहीत होतं. लपलेली वाटणी सगळ्यात वाईट, कारण ती टीमला रोज नव्याने ओळखावी लागते.

पायरी ७: डोक्यातलं आणि फोनमधलं बाहेर काढा

आधी तोंडी शब्द. वर्षानुवर्षं तुम्ही लोकांना काय काय कबूल केलंय ते आठवून लिहा. एखाद्या ग्राहकाला 'तुमचा रेट वाढवणार नाही' म्हटलेलं असतं, एखाद्या जुन्या सहकाऱ्याला 'पुढच्या राउंडला तुझे शेअर्स बघू' म्हटलेलं असतं, एखाद्या व्हेंडरला 'थोडं थांबा, उशिरा का होईना देतो' म्हटलेलं असतं. हे कुठल्याही कागदात नसतं. तुम्ही गेल्यावर ती माणसं नव्या सीईओपुढे येऊन उभी राहतात आणि त्याला खरं-खोटं कळायला मार्ग नसतो. प्रत्येक शब्दापुढे एक खूण करा: पाळायचा, लेखी करून घ्यायचा, की जाऊन माफी मागून परत घ्यायचा. परत घ्यायचे ते तुम्हीच घ्या, नव्या माणसाच्या गळ्यात घालू नका.

मग चाव्या. डोमेन कोणाच्या नावावर आहे? क्लाउडचं मुख्य खातं कुठल्या ईमेलवर? अ‍ॅप स्टोअरची खाती, पेमेंट गेटवे, पगाराची सिस्टीम, कर भरायचे पोर्टल, कंपनीची सोशल मीडिया खाती, आणि ह्या सगळ्यांचे ओटीपी कोणाच्या फोनवर येतात? आमचं डोमेन माझ्या खाजगी ईमेलवर होतं, पहिल्या वर्षी घाईत घेतलेलं. पद सोडून चार महिने झाल्यावर त्याच्या नूतनीकरणाचं मेल तिथे आलं, मी ते खातं आठवड्यातून एकदा बघायचो, दोन दिवस उशीर झाला असता तर कंपनीची वेबसाइट आणि सगळ्यांचे ईमेल बंद पडले असते. म्हणून आधी प्रत्येक खातं कंपनीच्या ईमेलवर आणा, मग दोन-पायरी पडताळणी बदला, आणि मग एक दिवस तुम्ही फोन बंद करून बसा आणि टीमला प्रत्येक ठिकाणी लॉगिन करायला सांगा. जिथे अडेल ते राहिलेलं.

बँकेत सह्यांचे अधिकार बदलायला बोर्डाचा ठराव लागतो आणि बँकेची स्वतःची प्रक्रिया असते. पगाराच्या आठवड्यात हे करू नका एवढंच सांगतो.

पायरी ८: जाहीर करायचा दिवस

सगळं एकाच दिवसात उरका. सकाळी विभागप्रमुख, तासाभरात सगळी कंपनी, लगेच मोठ्या ग्राहकांना फोन, आणि मग बाहेर. मध्ये रात्र गेली की बातमी फुटते आणि मग तुम्ही सांगताय त्यापेक्षा लोक काय ऐकून आलेत त्यालाच उत्तरं द्यावी लागतात.

लोकांच्या मनात प्रश्न ठरलेले असतात: कंपनी विकताय का, पैसे संपलेत का, आमच्या नोकऱ्यांचं काय, आणि तुम्ही आजारी आहात का. कोणी विचारायची वाट न बघता ह्याची उत्तरं तुम्हीच पहिल्या पाच मिनिटांत द्या. खोटं काही सांगू नका, बोर्डाने सुचवलं असेल तर 'बोर्डाशी बोलून ठरवलं' म्हणा, 'कुटुंबाला वेळ द्यायचाय' असं म्हणू नका, लोकांना कळतं. मग बसा आणि नव्या सीईओला बोलू द्या, शेवटचं बोलणं त्याचं असू दे. तुमच्या भावना खऱ्या असतात, रडू पण येतं, मला आलं, पण तासभर जुन्या आठवणी सांगत बसलात तर सगळ्यांना वाटतं की इथे काहीतरी संपतंय.

जाहीर करणं आणि प्रत्यक्ष पद बदलणं ह्यात अ‍ॅमेझॉनने पाच महिने घेतले, फेब्रुवारी २०२१ ते ५ जुलै. एवढी मोठी कंपनी आणि आतलाच माणूस, त्यांना चाललं. छोट्या कंपनीत दोन ते चार आठवडे पुरे. जास्त लांबवलं की प्रत्येक अवघड निर्णय 'नवीन माणूस येऊ दे' किंवा 'जुना अजून आहे ना' ह्याच्यावर लटकत राहतो.

पायरी ९: पहिले तीन महिने

पहिले चार-सहा आठवडे जा कुठेतरी. चॅटमधून बाहेर पडा, मीटिंगची आमंत्रणं काढून टाका. नव्या सीईओबरोबर आठवड्यातून एक तास, फक्त दोघं, त्यात तो विचारेल ते सांगा आणि पटत नसेल तेही तिथेच सांगा. त्या खोलीबाहेर तुमचं मत एकच, त्याने ठरवलंय तेच.

परत आल्यावर खरी परीक्षा सुरू होते, कारण लोक तुमच्याकडे येणार. ते वाईट नसतात, त्यांना सवय असते, आणि काही जणांना नव्या सीईओने नाही म्हटलेलं असतं. त्यांना उत्तर एकच द्या: हे सीईओंना विचारलंस का? विचारलं असेल तर त्यांनी सांगितलं ते कर, नसेल तर जाऊन विचार. बाकी काहीही बोलू नका, चेहऱ्याने पण नाही.

मी चेहऱ्याच्याही पुढे गेलो होतो. किमतींबद्दल चॅटमध्ये चर्चा चालू होती, एकाने सुचवलं की जुन्या ग्राहकांना जुनाच दर ठेवू, मला ते आवडलं म्हणून नुसती अंगठ्याची खूण टाकली. विक्रीच्या टीमने तो निर्णय समजला आणि दुपारपर्यंत तीन ग्राहकांना मेल गेले. सीईओ बाईंनी दुसरंच काहीतरी ठरवलं होतं आणि त्या दुसऱ्या दिवशी जाहीर करणार होत्या. तीन ग्राहकांपुढे आणि टीमपुढे त्या तोंडघशी पडल्या ते माझ्या एका अंगठ्यामुळे. त्या मला काही बोलल्या नाहीत, पण मी टीमच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं की चूक माझी आहे, दर काय ठेवायचे ते त्या ठरवतील आणि माझ्या खुणेला इथून पुढे काही अर्थ नाही. तुमच्याकडून असं झालं तर असंच करा, खाजगीत माफी मागून भागत नाही, चूक जिथे दिसली तिथेच दुरुस्त झालेली दिसावी लागते.

ह्या काळात मनाचं पण बघा. फोन वाजायचा थांबतो. दिवसाला शंभर मेल येणाऱ्या माणसाला आठ येतात आणि आपण संपलो असं वाटायला लागतं. ते सगळ्यांना होतं, काही महिन्यांनी निवळतं, तोवर बोलायला कंपनीबाहेरचा कोणीतरी ठेवा, शक्यतो ह्यातून गेलेला दुसरा फाउंडर, आणि नवी कंपनी काढायचा निर्णय ह्या दिवसांत अजिबात घेऊ नका.

पायरी १०: नाहीच जमलं तर

नव्या सीईओकडून सहा महिन्यांत आणि वर्षभरात काय अपेक्षित आहे ते आकड्यांत आणि शब्दांत, तो येतानाच बोर्डाबरोबर लिहून ठेवा. मूल्यमापन बोर्ड करेल, तुम्ही एकटे नाही. तुमच्यापेक्षा वेगळ्या पद्धतीने करणं आणि चुकीचं करणं ह्यातला फरक जवळून दिसत नाही, मला तर पहिले तीन महिने सगळंच चुकीचं वाटत होतं.

खरंच बिघडलं तर परत यावं लागतं, त्यात लाज नाही. लिंक्डइनचे रीड हॉफमन यांनी २००७ मध्ये डॅन नाय यांना सीईओ केलं, ते २००८ च्या अखेरीस गेले, हॉफमन परत आले, पण स्वतः पाय रोवून बसले नाहीत, त्याच सुमाराला जेफ वायनर यांना आणलं आणि २००९ मध्ये ते सीईओ झाले, पुढे बरीच वर्षं राहिले. पहिली निवड फसली म्हणून पद द्यायचा निर्णयच चुकीचा होता असं त्यांनी धरलं नाही. परत यायची वेळ आली तर बोर्डाकडून मुदत ठरवून घ्या आणि पहिल्या दिवसापासून पुढच्या माणसाचा शोध चालू ठेवा. फक्त करमत नाही म्हणून परत येऊ नका.

सहा महिने झाले की पायरी ६ मधला तो कागद परत काढा आणि नव्या सीईओबरोबर बसा. आम्ही बसलो तेव्हा माझ्या रकान्यात चार ओळी होत्या. त्यांनी तीन मागितल्या. दोन मी तिथेच खोडल्या, तिसरी, प्रॉडक्टचं नाव बदलायचा अधिकार, त्याला मला महिना लागला, मग तीही दिली. आता एकच उरलीये, कंपनी विकायचा प्रस्ताव आला तर बोर्डात जायच्या आधी मला विचारायचं. नाव त्यांनी अजून बदललेलं नाहीये.